राबात घातलेला कोळसा

मी बोईसरकडच्या एका रसायनांच्या कारखान्यात बॉयलरवर आहे. आमच्याकडे कोळसा जाळून नुसती पाण्याची वाफ करतात. कोळसा मात्र देशोदेशीचा: इंडोनेशियाचा ओलसर पण पटकन पेटणारा, दक्षिण आफ्रिकेचा दमदार, आपला चंद्रपूरचा ढीगभर राख टाकणारा. हे ओळखता यायला लागलं आणि आपल्याला सगळंच कळतं, असा माझा समज झाला.

एकदा चहा पिताना आमचे साहेब म्हणाले, "चीनमध्ये कोळशापासून युरिया करतात. आपल्याकडे बहुतेक गॅसपासून." पुढचं मी ऐकलंच नाही. गावी, सूर्यमाळला, बा नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, रोपांसाठी राब भाजायच्या तयारीत होता. साहेबांना विचारून यार्डातला कोळशाचा चुरा गोणीत भरला, जीपच्या टपावर टाकला आणि घरी नेला.

राब म्हणजे शेण, फांद्या, पालापाचोळा वाफ्यावर पसरून पेटवायचा. तण मरतं, मग पावसावर तिथंच बी फेकायचं. मी मधे चुऱ्याचा थर दिला.

"कोळसा खाऊन रोप वाढतं होय रं?" बा म्हणाला.

"चीनमध्ये वाढतं."

बानं राब पेटवला. चीन त्यानं पाहिला नव्हता. मीही नाही, पण ते मी बोललो नाही.

एरवी राब दुपारपर्यंत विझतो. हा तीन दिवस धुमसला. विझवायला पाणी मागितलं तर आई डोक्यावरचा हंडा न उतरवता म्हणाली, "हे प्यायचं हाय. तुझ्या चीनला सांग पाठवायला."

माती विटेसारखी भाजली. पावसावर बी फेकलं, तर नागली चार ठिकाणी उगवली, बाकी वाफा काळाच. आमची वर्षाची भाकरी त्या वाफ्यात होती.

मी साहेबांना फोन लावला. ते आधी पोटभर हसले. "अरे, कोळशाचा गॅस करतात, त्यातून अमोनिया, मग युरिया. मधे अख्खा कारखाना असतो!"

तेवढा कारखाना माझ्याकडून राहिला होता.

बा मला घेऊन आत्याच्या पाड्यावर गेला. तिच्याकडे रोपं जास्त झाली होती. "देते," ती म्हणाली, "पण आधी माझी लावणी. आणि लावायला हा शहाणा यायचा, तू नाही."

रजा काढून चार दिवस मी तिच्या शेतात वाकलो. शेजारच्या बाया विचारत, "चीनमध्ये अशीच लावतात काय रं?" पाचव्या दिवशी तिची उरलेली रोपं आमच्या शेतात लावली. वरचा एक कोपरा उघडा राहिला. तिथं बानं उडीद टाकला.