आई घरात होती, तरी रानात दिसली

असल्या गोष्टी वाचून हसणाऱ्यांतला मी. भूत-बित, भास... काही मानत नव्हतो. आठवीतून शाळा सोडली, सध्या वापीला कंपनीत पॅकिंगला आहे, तेव्हा लिहिण्यात चूक झाली तर सांभाळून घ्या. पण हे घडलं तेव्हा मी स्वतः तिथंच होतो.

गाव येरमाळा. आईचा गुडघा बदलला होता, त्यात पू झाला. डॉक्टरांनी आधी सांधा जागेवर ठेवून आतून धुऊन पाहिलं. नाही भागलं. मग तो काढून औषध कालवलेल्या सिमेंटचा ठोकळा बसवला — जंतू मेले तर नवा सांधा टाकू म्हणाले. तोवर पाय ताठ, वाकवायचा नाही. मी सुट्टी काढून गावी आलो. चैत्राच्या यात्रेच्या आदल्या दिवशी रिपोर्ट आला. जंतू तसेच.

डॉक्टर भला माणूस. समोर बसवून बोलले, "नवा सांधा आता टिकणार नाही. हाडाला हाड जोडून पाय कायमचा सरळ करू. तेही नाही जमलं, तर मांडीतून काढावा लागेल."

आई एवढंच म्हणाली, "म्हंजी खाली बसणं संपलं."

येडेश्वरीच्या यात्रेला रानात चुन्याचे पांढरे खडे वेचून ढिगावर टाकायची आमच्याकडं रीत. आईचं एकही वर्ष चुकलं नव्हतं. यात्रेच्या दिवशी दुपारी सगळी गल्ली रानात, घरात आम्ही दोघंच. मी ड्रेसिंग बदलत होतो. आईनं डोळे मिटलेले... मला वाटलं, दुखत असेल.

थोड्या वेळानं शेजारची शांताकाकू तणतणत आली. "दत्ता, लाज वाटती का रं? असल्या पायानं आईला उन्हात सोडलीस!"

"काकू, तुम्हालाच ऊन लागलंय. आई ही काय हितं..."

काकू दारातच थांबली. "अक्का... तुमी तर माझ्या शेजारी उकिडव्या बसून खडे वेचत हुत्या! म्या इचारलं, कशा आलाव? तर म्हणलाव, दत्ता पट्टी बदलतोय, तवर आले."

जुनी पट्टी अजून माझ्या हातातच होती.

आईनं डोळे उघडून काकूकडं पाहिलं. मग म्हणाली, "शांते, कशी बसले हुते? दाखव बघू."

काकूनं बसून दाखवलं.

"परत बस."

काकू परत बसली. आई नुसती बघत राहिली... तिला स्वतःला काहीच आठवत नव्हतं.

काकूला भास झाला म्हणावं, तर पट्टीचं तिला कसं कळलं? अजून मला सांगता येत नाही.

पुढं ऑपरेशन झालं, पाय सरळ जोडला. डॉक्टरांचे उपकार, पाय तरी राहिला. मी वापीला परतलो. काल काकूचा फोन — जखमेतून पुन्हा पाणी येतंय. आता मांडीतून काढणं एवढाच इलाज, आणि ते सोसायची ताकद आईत राहिली नाही, असं डॉक्टर म्हणाले.

हे कसं घडलं ते नका सांगू. पण तुमच्यापैकी कुणाचं माणूस असं एकाच वेळी दोन जागी दिसलं असेल, तर एवढंच कळवा... त्यानंतर ते माणूस किती दिवस होतं?