परमिटकाकांची फेरी

जे काम घरी बसून एक ओळ टाइप केली की होतं, त्यासाठी परमिटकाका स्कूटर काढून बोईसरहून केळव्याला जायचे. आधी फोन करून परवानगी मागायचे, मग स्वतः जायचे. काम फुकटचं, परवानगीही फुकटची. तरी तिच्याशिवाय त्यांनी कधी एंटर दाबलं नाही.

माझे बाबा काम करायचे त्याच कारखान्यात ते इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होते. केमिकल प्लांटमध्ये कुठल्याही मशीनला हात लावण्याआधी त्या विभागाकडून परमिट घ्यावं लागतं, आणि काम झाल्यावर ते दाखवून परमिट बंद करावं लागतं. काका निवृत्त झाले, व्हिडिओ बघून वेबसाइट करायला शिकले, एक सर्व्हर भाड्याने घेतला, आणि ओळखीच्या चार-पाच जणांच्या साइट त्यावर ठेवल्या. केळव्याच्या कुसुमताईंचं होमस्टे, वाणगावची एक मिरचीची रोपवाटिका, अशा. परमिटची सवय मात्र प्लांटमध्ये सोडून येता आली नाही. बिल्डिंगमधल्या मुलांनी त्यांना परमिटकाका नाव ठेवलं, आणि तेही फोनवर स्वतःला तसंच म्हणवून घेऊ लागले.

माझं कॉम्प्युटरचं शिक्षण झालं तेव्हा बाबांनी मला त्यांच्याकडे पाठवलं. खरा हेतू मी चार माणसांत बोलायला लागावं हा होता, हे मला कळत होतं. मी इंग्रजी शाळेत शिकलेले, आणि मुळात कुठल्याच भाषेत फारसं न बोलणारी. काका लोकांना माझी ओळख करून द्यायचे, "ही आमची मॅडम. बोलत नाही, पण कान चांगले आहेत." मग मला वेगळं काही बोलावं लागत नसे.

कुसुमताईंच्या साइटला पहिल्यांदा सर्टिफिकेट लावलं तेव्हा मी सोबत होते. त्यांच्या अंगणात सुपाऱ्या वाळत घातल्या होत्या. काका खुर्चीवर लॅपटॉप घेऊन बसले आणि मी फाटकाजवळ फोनमध्ये डोकं घालून उभी राहिले. काका समजावत होते, "पाहुणा तुमच्या साइटवर नाव-नंबर लिहितो, तो वाटेत कोणी वाचू नये म्हणून हे. एक संस्था फुकट देते."

"फुकट हाय म्हनजे कायतरी लबाडी असेल," कुसुमताई म्हणाल्या.

"लबाडी नाही. ती आधी विचारते, ही जागा तुमचीच का? मग ती सांगेल ती खूण आपण साइटवर ठेवायची. ती येऊन बघते आणि सर्टिफिकेट देते."

"तलाठी येतो तसं?"

"तलाठ्यापेक्षा लवकर येते."

झालंही लवकर. मग काकांनी कुसुमताईंच्याच फोनवर साइट उघडली, साइटच्या पत्त्याशेजारच्या छोट्या चिन्हावर त्यांचंच बोट टेकवायला लावलं, आणि 'कनेक्शन सुरक्षित आहे' ही ओळ त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घेतली. "परमिट बंद," ते म्हणाले, आणि मगच चहाला हात लावला.

ही सर्टिफिकेटं दोन-तीन महिन्यांतच संपतात, पुन्हा घ्यावी लागतात. काकांना ते गैरसोयीचं वाटतच नव्हतं. मुदत जवळ आली की फेरी निघायची. वाणगावला मिरचीची रोपं काढायला आलेल्या बायकांशी गप्पा, केळव्याला चहा, येताना पिशवीत शहाळी. एरवी मात्र ते कोणालाच फोन करत नसत. "कामाशिवाय फोन केला की समोरच्याला वाटतं, याला काहीतरी हवंय," असं त्यांचं म्हणणं होतं. लोकांकडे जायला त्यांना काम लागायचं.

एकदा कुसुमताई माहेरी दातिवऱ्याला गेल्या होत्या आणि फोन लागत नव्हता. सर्टिफिकेट संपत आलं होतं. मी म्हटलं, "काका, करून टाकू या का?" ते म्हणाले, "परमिट नाही." सर्टिफिकेट संपलं. ऐन शनिवारी साइट उघडणाऱ्याला लाल रंगाचा इशारा दिसू लागला, की इथे तुमची माहिती चोरीला जाऊ शकते. कुसुमताई परत आल्या तेव्हा मुंबईच्या एका पाहुण्याने त्यांना फोनवर विचारलं, तुमच्याकडे चोऱ्या होतात का? आणि तो दुसरीकडे उतरला.

आम्ही गेलो तेव्हा कुसुमताई ओटीवरच उभ्या होत्या. "अवो, माज्याच घराला कुलूप लावायला मला काय इचारता? लावायचं ना! आमी नसलो तर घर उघडं टाकाल काय?"

काकांनी खाली मान घालून ऐकून घेतलं. परतताना वाटेत एका फाट्याशी स्कूटर थांबवून ते मला म्हणाले, "प्लांटमध्ये एकाने न विचारता व्हॉल्व्ह फिरवला होता. चांगल्या मनानेच. आत माझा जोडीदार काम करत होता." मग त्यांनी स्कूटर सुरू केली.

मग काकांचे गुडघे गेले. मुलाने नाशिकला यायचा आग्रह धरला. जाण्याआधी काकांनी मला बोलावलं. "सर्व्हर तुझ्याकडे, आणि फेरीही तुझी. एकदा सगळ्यांकडे जाऊन येऊ, तू बोल, मी नुसता बसतो."

मी हळूच म्हटलं, "काका, हे आपोआप होतं. एकदा टायमर लावला की सर्व्हर स्वतःच नवं सर्टिफिकेट आणतो. कोणाला विचारावं लागत नाही."

"विचारावं लागत नाही," ते म्हणाले. मग त्यांनी फोन उचलला आणि टायमर लावण्याचं परमिट प्रत्येकाकडून घेतलं. मी टाइप करत असताना शेजारी बसून राहिले. झाल्यावर म्हणाले, "बरं झालं. तुला बोलायला लागणार नाही."

टायमरने चोख काम केलं. कुठलीच साइट बंद पडली नाही, त्यामुळे कोणाचा फोन आला नाही आणि कोणाला करावाही लागला नाही. मला मात्र काकांचा फोन यायचा. मी नोकरीला लागले होते, तरी त्यांच्या लेखी सर्व्हर हे आमचं चालू काम होतं.

"केळव्याला कसं आहे?"

"साइट चालू आहे, काका."

"साइट नाही विचारली."

मी गेलेलेच नसायचे. मग ते नाशिकच्या थंडीचं काहीतरी बोलून फोन ठेवायचे.

मागच्या हिवाळ्यात त्यांच्या मुलाने बाबांना कळवलं. काका झोपेतच गेले. बाबा म्हणाले, त्यांच्या लोकांना सांगायला हवं, आणि ती माणसं माझ्याशिवाय कोणालाच माहीत नव्हती. मी केळव्याला फोन लावला.

"कोन?"

"मी... परमिटकाकांबरोबर यायची, ती."

"अगं, तू? फाटकाजवळची? बोलतेस की!"

मी सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "नाशकाला गेले ते म्हाईत होतं. पन नंतर एक फोन नाय. मला वाटलं, मी त्या दिवशी वरडले ना, ते मनात धरलं त्यांनी. मीच करनार होते. पन म्हटलं, रागावलेल्या मानसाला कसा करायचा?"

"नाही हो ताई. रागावले नव्हते." मग मी त्यांना टायमरचं सांगितलं. त्यांना तो किती कळला कोण जाणे. "म्हनजे काम नव्हतं, म्हनून नाय केला," त्या म्हणाल्या.

बाकीच्या साइट अजून टायमरवरच चालतात. केळव्याचा मी काढून टाकला. मुदत संपत आली की मीच फोन करते. आधी काय बोलायचं ते मनात घोकून घेते.

"कुसुमताई, सर्टिफिकेट संपत आलंय. परमिट आहे का?"

"देते की," त्या म्हणतात. "पन फोनवर नाय."