हजच्या दिवसांत आलेली तार

निघायच्या दिवशी आई बाजारात गेली नाही. वसईच्या कोळीवाड्यातून रोज सकाळी सुक्या बोंबलांची टोपली घेऊन निघणारी बाई उंबऱ्यात बसून माझ्या शर्टाची बटणं तपासत होती. तिसऱ्यांदा तपासायला लागली तेव्हा धाकटी बहीण फिलू हसली, आणि हसता हसता रडली. मी टांग्यात चढलो तशी आई एवढंच म्हणाली, "जेवन टायमावर कर. नि मागं बघू नको, पाय अडतो." मी बघितलं नाही. बघायला हवं होतं.

होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचो, म्हणून सौदीत जेद्दाच्या बंदरातल्या वर्कशॉपमध्ये काम मिळालं. सत्तरचं दशक संपत आलं होतं. पासपोर्ट पहिल्याच दिवशी कंपनीच्या कपाटात गेला आणि हातात इकामा आला, म्हणजे राहायचा परवाना. स्टोअर सांभाळायला बशीरभाई होते, आपल्या सोपाऱ्याचे, वयाने वडील. मी ख्रिस्ती, ते मुसलमान. पण परमुलखात गाववाला म्हणजे सख्खा. दुसऱ्या वर्षी त्यांनी मला बजावलं होतं, "इनास, आईची तब्येत नरम आहे ना? मग पासपोर्ट आत्ताच मागून ठेव. हजमध्ये सगळी दफ्तरं बंद असतात." मी म्हटलं, बघू. आपला सण नव्हे, आपल्याला काय! माझ्या या शहाणपणाला कुठे ठेवू?

तार आली तेव्हा हजला चारच दिवस उरले होते. आई सीरियस, लगेच ये. ऑफिसला कुलूप. कपाटाची किल्ली मॅनेजरकडे, मॅनेजर मक्केला, आणि देशाबाहेर जायला लागणारा एक्झिटचा शिक्का मारणारं सरकारी दफ्तर ईद होईपर्यंत बंद. मक्केला जाऊन त्याचे पाय धरावेत, तर तीही सोय नाही. शहराच्या अलीकडे फाटा फुटतो, मुसलमानांनी सरळ जायचं, बाकीच्यांनी वळायचं. बशीरभाईही हजला निघाले होते. "तुझ्या आईसाठी तिथे दुआ मागतो," म्हणाले. मी विमानतळावर जाऊन उभा राहिलो. मुंबईहून हाजींना घेऊन आलेली विमानं रिकामी परत जात होती. जागाच जागा, आणि मी काचेअलीकडे हात चोळत उभा.

घरी पोहोचलो तेव्हा आईची सातव्या दिवसाची मिस्सा, चर्चमधली प्रार्थनासुद्धा होऊन गेली होती. फिलू रागावली नाही. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

जेद्दाला परत आलो तेव्हा बशीरभाईंनी स्टोअरच्या मागे बसवून चहा दिला आणि त्यांच्या धर्माच्या सुरुवातीची गोष्ट सांगितली. छळ झाला म्हणून पैगंबरसाहेबांना मक्का सोडावी लागली. निघताना त्यांनी गावाकडे पाहिलं आणि म्हणाले, तू मला सगळ्यांत प्यारी. तुझ्या लोकांनी काढलं नसतं तर मी गेलो नसतो. मदिनेच्या लोकांनी परक्यांना भाऊ मानलं, खजुराच्या बागांतला वाटा दिला. तरी तिथे तापाने फणफणलेले सोबती मक्केच्या गवताचं नाव घेत पडून राहायचे. मुसलमानांचं साल मोजतात तेही या घर सोडण्यापासून. आठ वर्षांनी मक्का जवळजवळ लढाईविना हाती आली.

"मग सगळे घरी परतले असतील," मी म्हटलं.

"नाही रे. पैगंबरसाहेब स्वतः मदिनेलाच परत गेले, तिथेच दफन झाले. जे घर सोडून गेले होते, त्यांना हजनंतर मक्केत तीन दिवस राहायची मुभा होती. तीनच."

पुढे शाम म्हणजे सीरिया, मिसर म्हणजे इजिप्त, आणि इराण एका पिढीत कसे या धर्माच्या छायेखाली आले, हे ते मोठ्या अभिमानाने सांगत होते. मी तीन दिवसांवरच अडकलो होतो.

गावात राहिलेल्यांनो, आम्हाला नशीबवान म्हणू नका. आणि माझ्यासारख्या गेलेल्यांनो, तुम्हाला काय सांगायचं, तुमचीही हीच गत. आई होती तोवर काहीही करून पोहोचायचं ते घर. आता फिलूच्या संसारात मी पाहुणा. ती बरी खुर्ची पुढे करते, माझ्यासाठी पापलेट राखून ठेवते आणि मायेनेच विचारते, "किती दिस हायेस?"

पूर्वी मी दोन महिन्यांची रजा मागायचो आणि मिळायची नाही. यंदा अर्जात आठ दिवस लिहिले. मॅनेजरने दोनदा विचारलं, एवढेच? मी मान हलवली. त्याने तिथल्या तिथे सही केली.