मामांचे पिकलेले दगड

माझे धाकटे मामा पहिल्या भेटीत कोणावरही विश्वास ठेवतील, फक्त नितळ पाण्यावर ठेवणार नाहीत. पाण्याचा एवढा संशय घेणारा माणूस सबंध भिवंडी तालुक्यात दुसरा नसेल. वळ गावातल्या त्यांच्या घरी पुढच्या खोलीत, जिथे सोफा असायचा, तिथे खाऱ्या पाण्याची कपाटाएवढी काचेची टाकी आहे. तीत रंगीत मासे, टाकीतच वाढवलेलं प्रवाळ आणि भोकाभोकांचे दगड. तिच्यापायी घरात उदबत्ती बंद. मामी देवपूजा मागच्या पडवीत करते. एकदा डासांसाठी धूर मारणारा माणूस गल्लीत आला, तर मामा हात पसरून दारात असे उभे राहिले की तो पुढची तीन घरंही सोडून गेला. सख्ख्या पुतणीच्या हळदीत, डीजे ऐन रंगात असताना, 'आज पानी बदलायचा हाय' म्हणून हे उठून घरी गेले, आणि पुतणीनेही राग धरला नाही. मामांवर रागावणं कुणाला जमतच नाही.

दोन वर्षांपूर्वी माझे कापडाचे लूम बंद पडले आणि भंगारात गेले. वडिलांपासूनचे होते. ती खटखट थांबल्यावर मला सकाळी उठायला काही कारणच उरलं नाही. अकरा वाजेपर्यंत अंथरुणात पडून राहायचो, बायकोने हाक मारली की भिंतीकडे तोंड करायचो. नातेवाईक उपदेश घेऊन आले. मामा रिकामी टाकी घेऊन आले.

मी आपला म्हणालो, दुकानातून तयार फिल्टर आणू, आत प्लास्टिकचे गोळे असतात. मामांनी कपाळाला हात लावला. त्यांचंही आयुष्य लूममध्ये गेलेलं, त्यामुळे पाणी साफ करणारे जिवाणू त्यांच्या लेखी कामगारच. "गोळ्यात ते ऱ्हातील कुठं? ती नुसती ओसरी! कामगारांना खोल्या लागतात, भाच्या. मासा घाण करनार, ती पहिली पाळी खानार, तिचा उष्टा दुसरी पाळी खानार. पाळ्या न्हाय लागल्या तर मासा आपल्याच घाणीत मरतो." मग मी सिरॅमिकच्या नळ्यांचं नाव काढलं. त्यात खोल्या आहेत हे त्यांनी मान्य केलं, पण "कोऱ्या चाळीत भाडेकरू कवा येतील आन कवा न्हाय" म्हणून त्याही नापास झाल्या. दुसऱ्या दिवशी टेम्पोतून एक पिंप उतरलं. आत त्यांच्या टाकीतले निम्मे दगड होते, वर्षानुवर्षं जिवाणू वस्तीला राहून पिकलेले, त्यांच्याच खाऱ्या पाण्यात बुडवलेले. ज्या दगडांना ते मामीलासुद्धा हात लावू देत नसत, ते.

अट एकच. रोज सकाळी सातला टाकीत चिमूटभर खाणं टाकायचं, ते कुजून पाण्यात होणारं विष, म्हणजे अमोनिया, तपासायचा आणि फोन करायचा. ते सांगेपर्यंत मासा आणायचा नाही. मासे नसलेल्या टाकीत रोज माशांचं खाणं टाकणारा नवरा पाहून बायकोने माहेरी फोन लावला आणि हलक्या आवाजात बरंच काही सांगितलं. मी काचनळीत पाणी घ्यायचो, थेंब टाकायचो, रंग बघायचो. शून्य. "शून्य?" मामा म्हणायचे, "मंग अजून झोपलेत." दुसऱ्या दिवशी शून्य. "लाजतात, नवा गाव हाय." एकदा तर सगळे कामगार मुलखाला गेले असल्याचंही मला कळलं. असे सहा आठवडे गेल्यावर मामांनी परवानगी दिली आणि दोन केशरी मासे घरात आले. तोवर मी रोज दाढी करायला लागलो होतो, एका गोदामात देखरेखीचं कामही धरलं होतं. सातचा फोन मात्र पुढेही चालूच राहिला.

परवा गडबडीत सातचा फोन राहून गेला. माशांचं खाणं आणायला गेलो, तेव्हा दुकानदाराला हे सगळं हौसेने सांगितलं. तो हसायलाच लागला. "अरे भाई, पुराने पत्थर और अमोनिया ज़ीरो? तुम्हारी टंकी तो पहले दिन से तैयार थी! छह हफ्ते काहे को रुके?"

मी तसाच मामांच्या गावी, वळला, गेलो. मामा बाहेर गेले होते. मामीला विचारलं, तर ती पदराला हात पुसत म्हणाली, "मना काय कलतंय त्या पान्यातला? तुझा फोन ठेवला का मना एकच शब्द सांगायचे. 'उठला.' मंगच चहा घ्यायचे."

त्यांच्या टाकीत निम्म्या भागात नुसती वाळू होती. मासे मात्र तिथे दगड असल्यासारखे अजून वळसा घालून जात होते. वडील गेल्यापासून माझी अशी काळजी कुणी घेतली नव्हती.

तेवढ्यात मामा आले. चप्पल काढता काढता म्हणाले, "काय र, आज फोन न्हाय केलास?"

"आज उठून आलो, मामा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मामीकडे. मग काचेवरचा एक अजिबात नसलेला डाग ते बराच वेळ पुसत राहिले.