धिस हा, इज आहे

सकपाळ सर पोलादपूरच्या आमच्या शाळेत अकरा वर्षं इंग्रजी शिकवत होते, पण त्यांना इंग्रजीत बोलताना कुणीही ऐकलं नव्हतं. वर्गात ते "धिस हा, इज आहे, अ एक, मँगो आंबा" असं शब्दाला शब्द लावत धडा पुढे नेत. दहावीची मुलं त्यांच्या तासाला श्वाससुद्धा बेतानं घेत. महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरून आलेलं एखादं गोरं जोडपं बाजारात वाट विचारू लागलं, की सर शेजारच्या दुकानात शिरून गरज नसताना चहाची पूड विकत घेत.

मी तेव्हा शाळेत नवीन होते. पाचवीचा वर्ग माझ्याकडे होता आणि तो सरांच्या वर्गाला लागून होता. माझी मुलं गाणी म्हणत, उड्या मारत. मग पलीकडून सरांची चिठ्ठी येई : "बाई, वर्ग आहे की जत्रा?"

सत्तरचं दशक संपता संपता पेपरात जाहिरात आली. नायजेरियात इंग्रजीचे शिक्षक हवे होते. सरांच्या मनात अर्ज करायचं नव्हतं, त्यांच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या होतं. त्या उमरठकडच्या. त्या म्हणाल्या, "आमच्या वाडीतली मानसं मुंबईपातुर गेली. तुमी जरा म्होरं जावा."

सरांचं लेखी इंग्रजी निर्दोष होतं, त्यामुळे मुलाखतीचं बोलावणं आलं. सर मुंबईहून परतल्यावर मी विचारलं, "कशी झाली मुलाखत?"

"उत्तम झाली. काय विचारलं ते मात्र कळलं नाही."

तिथल्या साहेबांचे उच्चार सरांना उमगेनात, म्हणून त्यांनी प्रत्येक प्रश्नाला "येस सर" म्हटलं होतं. त्यांतला एक प्रश्न, लहान मुलांना शिकवायला आवडेल का, असा असावा. कारण नेमणूक आली ती प्राथमिक शाळेत, पहिलीच्या वर्गावर.

सर पत्र घेऊन माझ्याकडे आले. "बाई, एवढ्या लहान मुलांचं करतात काय?"

"त्यांच्यासारखं व्हायचं, सर."

"ते माझ्याच्यानं होणार नाही. नाही म्हणून कळवतो."

पण वहिनींनी वाडीभर पेढे वाटले होते. "आता मागं फिराल तर मी तोंड कुठं दावू?" असं त्यांनी विचारलं, आणि सर गेले.

महिन्याभरानं निळं हवाई पत्र आलं. पहिल्या दिवशी सरांनी आंबा हातात धरून "धिस" म्हटलं आणि सवयीनं पुढे "हा" म्हटलं. चाळीस मुलांनी एका सुरात म्हटलं, "धिस हा!" सर गडबडून म्हणाले, "इज आहे." वर्ग म्हणाला, "इज आहे!" तिसऱ्या दिवशी मुलं मैदानावर रांगेत उभी राहून हेच म्हणत होती. तिथल्या मुख्याध्यापिकेनं सरांना बोलावून घेतलं आणि अदबीनं विचारलं, हे भारतातलं इंग्रजी आहे का?

पुढचं पत्र वाचताना मात्र माझं हसू थांबलं. "सत्र संपेपर्यंत मुलं इंग्रजी बोलू लागली नाहीत तर मला परत जावं लागेल," सरांनी लिहिलं होतं. "बाई, खरं सांगतो. आमच्या घरातला मी पहिला शिकलेला. माझ्यासारख्याची एक चूक लोक वर्षभर पुरवतात. म्हणून मी इंग्रजीत तोंडच उघडलं नाही. आणि इथं तर मराठीचा आधारही नाही."

मी लगेच उत्तर धाडलं : "वस्तू दाखवून झाल्या असतील तर आता तुम्ही स्वतः वस्तू व्हा."

त्यावर त्यांचं पत्र आलं ते एवढंच : "आज मी बेडूक झालो. पँट गुडघ्यावर फाटली. मुलं ओरडली, 'जंप, टीचर, जंप!' हे मी शिकवलेलं नव्हतं. त्यांची ती बोलली."

मग पत्रं येतच राहिली. सर गाय झाले, पाऊस झाले, एकदा तर रेल्वे झाले आणि वर्गासकट मुख्याध्यापिकेच्या खोलीतून गेले. मुख्याध्यापिकेनंच शिट्टी दिली, आणि पुढे परत जाण्याचा विषय कुणी काढला नाही. प्रत्येक इंग्रजी शब्दाच्या बदल्यात मुलं त्यांना आपला एक शब्द शिकवत. सर तो हमखास चुकीचा म्हणत आणि वर्ग हसून लोळे. "चुकलो, आणि काही झालं नाही," असं एका पत्राच्या समासात लिहिलेलं होतं.

चार वर्षांनी ते परत आले आणि त्यांनी दहावीऐवजी पाचवी मागितली. आमचे मुख्याध्यापक काळजीत पडले. "प्रकृती बरी आहे ना तुमची?" त्यांनी विचारलं. पहिल्याच आठवड्यात ते वर्गात डोकावले, तर सर बाकाखाली वाघ होऊन बसलेले. "सर, आत या," बाकाखालून आवाज आला, "एक शिकारी कमी पडतोय." मुख्याध्यापक आत गेले नाहीत, पण दारातून लवकर हललेही नाहीत.

आणखी पाच वर्षांनी, मे महिन्याच्या सुट्टीत, सर अचानक गेले. हृदय बंद पडलं. मी नायजेरियातल्या त्या मुख्याध्यापिकेला कळवलं. दोन महिन्यांनी तिचं उत्तर आलं. त्यात एका मुलीचं पत्र होतं. सरांच्या पहिल्या वर्गातली ती मुलगी आता मोठी झाली होती. मी ते घेऊन वहिनींकडे गेले.

"काय लिवलंय गो? मराठीत सांग," वहिनी म्हणाल्या.

मी सांगितलं, "ती म्हणते, आमची भाषा बोलताना टीचर फार चुकायचे. आम्ही हसायचो, मग तेही हसायचे. म्हणून आम्हाला त्यांची भीती कधी वाटली नाही."

वहिनींनी तो कागद हातात घेतला. मग पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "हसाया शिकाया ह्यांना केवढ्या लांब जावं लागलं, बघ!"