कठड्याशी बोललेली भाभी

भाभी गेली.
आमच्या गावातली ही पहिली सून, जिने अख्ख्या सासरेमंडळाला बसल्या जागेवरून उठवलं. तेही एक शब्द न बोलता. म्हणजे, त्यांच्याशी न बोलता.

ती माझ्या थोरल्या भावाची बायको. काल सकाळी गेली. नव्वदी केव्हाच उलटली होती, पण तिला वय विचारायची हिंमत आमच्यात नव्हती.

गोष्ट साठच्या दशकातली. तेव्हा आपला जिल्हा धुळे.
गावातून शेतांकडे आणि पुढे शहाद्याकडे जाणारी एक जुनी वाट होती. पायी माणसं, सायकलवरचे दूधवाले, डोक्यावर भारे घेतलेल्या बाया, सगळ्यांची मिळून एकच.

मग नवा डांबरी रोड झाला. पुरुषभर उंच भरावावर.
त्याने आमची वाट मधोमध कापली, नेमकी वळणावर. एका अंगाला बाभळींची दाटी.
सर्व्हेच्या नकाशात ही वाट नव्हती म्हणे. नकाशात नाही ते जगात नाही, असं मानणारं दर्शन आमच्या संस्कृतच्या सरांनीही शिकवलं नव्हतं.

सायकलवाल्याने खाली उतरायचं, दोन्ही हातांनी सायकल वर ढकलायची आणि डोकं वर आलं की पाहायचं, ट्रक आहे का.
आजच्या भाषेत ब्लाइंड स्पॉट.

पण खरी गंमत पुढेच.
तिथे रोडखालून पाणी जायला केलेल्या मोरीला सिमेंटचा छान गुळगुळीत कठडा होता. वारा मस्त. गावातले सगळे वडीलधारे सकाळपासून त्यावर. मध्यभागी आमचे वडील, बापूजी.

आम्ही गुजर. वडीलधारे दिसले की सुनेने पदर छातीपर्यंत ओढायचा, बोलायचं नाही, मान वर करायची नाही. याला लाज काढणं म्हणत.
म्हणजे जिथे दोन्हीकडे बघायलाच हवं, तिथेच प्रत्येक बाई डोळे झाकून रस्ता ओलांडायची.

संस्कृतात राजस्त्रियांसाठी 'असूर्यम्पश्या' हा शब्द आहे. सूर्यसुद्धा न पाहणारी.
आमच्याकडे सुधारित आवृत्ती होती. ट्रक न पाहणारी.

आणि हे कुणाला विचित्र वाटत नव्हतं. मलाही नाही.

मग एके दिवशी भाभीची धाकटी जाऊ, चंपा, चाऱ्याचा भारा घेऊन वर चढली. भोंगा ऐकला. कुठल्या बाजूने, ते पदराआड कळलं नाही. ट्रकचा धक्का भाऱ्याला लागला आणि ती भरावावरून खाली गेली.
जीव वाचला. पाय वाकडा जुळला, तो कायमचा.

कठड्यावर चर्चा झाली. निष्कर्ष: नशीब.

दुसऱ्या दिवशी मी सायकल ढकलत वर आलो तर भाभी कठड्यासमोर उभी. पदर पूर्ण ओढलेला, पाठीमागे उतारावर गावातल्या बाकीच्या सुनांची रांग.
ती सासऱ्यांशी बोललीच नाही. कठड्याशी बोलली.

"कठडा, तू आठे शे तोवर माले लाज काढनी पडस. लाज काढी की मोटर दिखस नही. तू आठेन ऊठ." आठेन म्हणजे इथून.

बापूजी सुनेशी कसे बोलणार? ते शेजारच्याला म्हणाले, "तिले सांगा, दगड उठत नही."

भाभी कठड्याला म्हणाली, "खरं शे. तुले पाय नहीत. ज्यास्ले शेतस, त्यास्नी उठाले पाहिजे."

कुणीतरी खोकला काढून हसू लपवलं. बापूजी हलले नाहीत.
"बरं," भाभी कठड्याला म्हणाली. "मग आम्ही आठेच उभ्या. दिखत नही तं जावाना कसं?"

आणि उभ्या राहिल्या. रीत अगदी काटेकोर पाळून.
पलीकडच्या शेतांत कापूस वेचणीला आला होता. माणसं भाकरीची वाट पाहत होती, आणि भाकरी सुनांच्या डोक्यावर होती.

वडीलधारे त्यांना बोलणार काय? सून अदब पाळते म्हणून रागवायचं?

ऊन चढलं तशी मंडळी उठू लागली. एकाला बैल आठवला, एकाला पाण्याची पाळी. शेवटी बापूजी. त्यांना काहीच आठवलं नाही, ते नुसते उठून गेले.
भाभीने पदर मागे घेतला, दोन्हीकडे पाहिलं आणि सगळ्यांना पलीकडे नेलं.

ती तिथे थांबली नाही. त्या आठवड्यात बायांनी वळणावरच्या बाभळी तोडल्या, भरावाची कड खणून उतार इतका सोपा केला की सायकल न उतरता वर जावी. एक टोपलं मीही वाहिलं. एकच, असं भाभी पुढे आयुष्यभर सांगायची.

मग रोडचं काम बघणारा ओव्हरसियर आला. भयंकर तापलेला.
"सरकारी भराव कोणी खणला?"

भाभी पुढे सरकली. ती बोलायच्या आधी बापूजी बोलले.
"मी खणा. मन्हा सुनास्ले दिखत नव्हतं."

त्याने उतार खालीवर पाहिला आणि परत गेला. उतार राहिला.

काल अंत्ययात्रा निघाली तेव्हा घरातल्या सगळ्या सुना, नातसुना स्मशानापर्यंत चालत आल्या. आमच्यात ही रीत नाही.
कुणी कुणाला विचारलं नाही.

भाभी, तुझ्या धाकट्या दिराचा वाकून नमस्कार.