ज्याची जागा त्यालाच

लग्न होऊन मी पुण्यातून निगडीला आले, प्राधिकरणातल्या दोन खोल्यांत. घरात नवरा, सासूबाई आणि मी. सासूबाई मूळच्या तळवड्याच्या, बोलायला रोखठोक. पहिल्याच आठवड्यात मी मिठाचा डबा खालच्या फळीवर ठेवला, तर माझा केवढा उद्धार झाला. "ज्याची जागा त्यालाच ऱ्हाऊ दे." स्टूल भिंतीपासून जरा हललं तरी तेच. म्हटलं, घ्या, आला सासुरवास वाट्याला.

एका गुरुवारी, कंपनीला सुट्टी म्हणून नवरा घरी झोपा काढत होता, तेव्हा मी सासूबाईंना हट्टाने देहूरोडला मॅटिनीला नेलं. सिनेमातली बाई आंधळी. तिचा नवरा कसा मेला हे घरचे तिच्यापासून लपवतात, आणि ती त्यांच्या पावलांवरून, मध्येच थांबलेल्या बोलण्यावरून एकेक ताडत जाते. सासूबाईंचं मात्र सारखं "आता काय चाललंय?" हिंदी कळत न्हाई म्हणे. मी कानात सगळं सांगत होते.

"चहा ओततेय. कप भरला का बघायला आत बोट घालतेय बिचारी."

"बोट कशाला घालंल? पोळंल की," सासूबाई फणकारल्या. "कप भरत आला की आवाज बारीक व्हतो. त्यावरनं कळतं."

मी वळून बघितलं. त्यांचे डोळे पडद्याकडे नव्हतेच. मिठाचा डबा, स्टूल, येताना रस्त्यात त्यांनी घट्ट धरलेला माझा दंड, सगळं माझ्या डोक्यात लख्ख झालं. रोज त्यांच्या हातची भाकरी खात होते मी, आणि एकदाही करपलेली नव्हती. काय बाई होती ही!

बाहेर आल्यावर त्याच म्हणाल्या, "काचबिंदू हाय. गेलं ते येत न्हाई, असं डाक्टर म्हणाला. तुझ्या नवऱ्याला सांगू नगंस. चूल काढून घेईल, नुसती बसून खा म्हणंल. मग मी कशाला उरले?"

"नाही सांगणार," मी म्हटलं. मला रडू आवरत नव्हतं.

घरी आलो तर नवरा उठला होता. "कसा होता पिक्चर?"

"बरा व्हता. हिरॉईनला चहा येत न्हाई," असं म्हणत सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि बिस्किटांचा डबा घ्यायला परत बाहेरच्या खोलीकडे वळल्या. पिशवी टेकवायला मी तेवढ्यात ओढलेलं स्टूल नेमकं दारात होतं. मी पुढे होण्याआधीच नवऱ्याने ते अलगद उचलून भिंतीला लावलं, जराही आवाज न करता. सासूबाई डबा घेऊन आत गेल्या.

मी त्याच्याकडे बघतच राहिले. "कधीपासून?"

"लग्नाआधीपासून. मला माहीत आहे हे तिला कळू देऊ नकोस, चूल सोडून देईल ती," तो हळूच म्हणाला.

आतून हाक आली, "चहा घेणार न्हवं रं?"

"घेणार की," तो म्हणाला.